एका बाकावर दोघं

तळहात वाहतूक पोलिसासारखा वर करायचा, मान जरा तिरकी करायची आणि म्हणायचं, "थांबा जी. इथंच चुकलं." आमगावच्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या सरांनी हे वाक्य माझ्या डब्यातल्या भाजीला, फळ्यावरच्या सुविचाराला आणि एकदा तर भर परिपाठात हेडसरांनाही ऐकवलं होतं. असा एक तरी माणूस तुमच्याही ऑफिसात किंवा गल्लीत असेलच. आमच्याकडे तो मधल्या सुट्टीत नेमका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा.

सर जुळ्यांमधले धाकटे. थोरले भाऊ तिरोड्याला पंपांच्या जळलेल्या मोटारी रिवाइंड करून द्यायचे, आई त्यांच्याजवळ असायची. सर गोंदियात राहून आमगावला अप-डाऊन करायचे. दोघं इतके सारखे की लोक हमखास फसायचे. पण या भावांची लहानपणापासूनची एक रीत होती. कोणी चुकून दुसऱ्याच्या नावाने हाक मारली तरी सुधारायचं नाही. ऐकून घ्यायचं, हो म्हणायचं आणि निरोप पोचवायचा. गोंदियाच्या बाजारात एका शेतकऱ्याने सरांना मोटार अजून का नाही दिली म्हणून माझ्यादेखत झाडलं आणि सर खाली मान घालून ऐकत राहिले. मी नंतर विचारलं, सांगून का नाही टाकलं? तर म्हणाले, "कायले जी? निरोप पोचला म्हणजे झालं." जगाच्या चुका काढणारा हा माणूस एवढी एक चूक मात्र खुशाल चालवून घ्यायचा.

भाऊ दुकानात काम करता करताच गेले. दिवसपाणी आटोपून सर शाळेत परतले, खुर्चीवर बसले आणि माझ्या वरणात हिंग जास्त झाल्याचं सांगितलं. तेव्हा आम्हाला हायसं वाटलं होतं, हे कबूल करते.

पुढच्या वर्षी तो सिनेमा आला. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांचा. दोघं फिरायला जातात, एक बुडतो, एक घरी परततो. परतला तो नक्की कोणता, हे शेवटपर्यंत कळत नाही. त्यात एका प्रसंगात आई त्याला समोर बसवून जेवायला वाढते, त्याच्याकडे एकटक पाहते आणि काहीच बोलत नाही. आम्ही सगळ्यांनी तो आपापल्या मोबाइलवर पाहिला आणि आठवडाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, त्यांनी घाबरून नवऱ्याच्या कानामागचा तीळ तपासला. खेळाच्या सरांना म्हणे पहिल्या अर्ध्या तासातच सगळं कळलं होतं, तरी त्यांनी तो दोनदा पाहिला. हेडसरांचं मत, भूत न दाखवता भीती वाटली म्हणजे सिनेमा चांगला. मला तर ते जेवणाचं दृश्य आठवलं की घास गिळवेना.

चित्रकलेचे सर प्रत्येकाचं मत पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मग तळहात वर. "ते जुळे नाहीतच जी. एकच माणूस दोनदा बसवला." अहो, डबल रोल आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सरांनी मोबाइल काढायचा, चित्र थांबवायचं आणि बोट ठेवून दाखवायचं, पाहा, दोघांच्या मधे खांब आहे, त्याच्यातच जोड लपवला आहे. भाजी गार व्हायची. त्यानंतर ठरलेला शेवट, "अन् ते जेवणाचं साफ चुकलं. माय ओळखते जी. डोळे गेले तरी ओळखते." मराठीच्या मॅडम त्यांच्याशी भांडल्या. मी तर एक दिवस डबा उचलून प्रयोगशाळेत जाऊन बसले. सर तिथेही आले.

अशात आम्हा दोघांचं तिरोड्याला प्रशिक्षण लागलं. ते संपल्यावर सर म्हणाले, घरी चला, चहा घेऊन जाऊ. दाराशी खुंटीवर एक निळा हाफ शर्ट टांगलेला होता. सरांनी अंगातला पांढरा काढला आणि बनियनवर तो निळा चढवला. मला काही कळेना. आत खाटेवर बसलेली म्हातारी म्हणाली, "आला का रे मोठ्या?"

सर म्हणाले, "आलो माय."

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता थोरल्यांच्या बायकोने, वहिनींनी, मला हळू आवाजात सांगितलं. थोरल्याची बातमी म्हातारीला दिली होती, पण तिची आठवण आता धड राहत नाही. ती विसरायची, पुन्हा विचारायची, पुन्हा सांगितलं की पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऊर बडवायची. शेवटी सांगणं बंद केलं. सर दर रविवारी येतात आणि मोठा होऊन बसतात.

बाहेरच्या खोलीत म्हातारी धाकट्याच्या नावाने बोटं मोडत होती. "लहान्या काऊन येऊन नाही राहिला? मास्तर झाला तं मायले विसरला."

"शाळेत काम राहते माय. सांगतो त्याले."

"सांगजो. माय रागावली म्हणजो." मग जरा वेळाने म्हणाली, "एकडाव दोघंही संग या. दोघायले संग पाहू दे मले."

स्वतःबद्दलच्या शिव्या मान खाली घालून ऐकणारा तो माणूस पाहून मला रडू यावं की राग यावा, समजेना. बस गोंदियाला पोचली. उतरताना सर म्हणाले, "मॅडम, त्या सिनेमात दोघं एका जागी कसे बसवले जी?"

एवढे दिवस तुम्हीच आम्हाला ते दाखवून वैताग आणला, असं मी म्हणाले. सर म्हणाले, "चुकलं कुठं, ते माहीत आहे. करतात कसं, ते सांगा."

मी संगणक शिकवते, त्यामुळे गॅदरिंगचे व्हिडिओ माझ्याच गळ्यात पडतात. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर व्हरांड्यातल्या बाकासमोर मोबाइल पक्का बसवला. आधी सर निळ्या शर्टात डावीकडे बसणार, मग पांढऱ्या शर्टात उजवीकडे आणि मी दोन्ही अर्धे जोडणार. साधं काम, पण या माणसाने मला रडकुंडीला आणलं. थांबा जी, भाऊ पाय हलवत नव्हता. थांबा जी, भाऊ बोलताना आधी घसा खाकरायचा. अखेर निळ्या शर्टातले सर रिकाम्या जागेकडे वळून म्हणाले, "मायले भेटत जा रे." मग शर्ट बदलून उजवीकडे आले. त्यांनी फक्त "येतो ना रे" एवढंच म्हणायचं होतं. ते त्यांना कितीतरी वेळ म्हणता आलं नाही. मीही घाई केली नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत सर माझ्या शेजारी बसले. डबा उघडला नाही. म्हातारीने मोबाइल डोळ्यांशी धरून तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला होता. मग आधी एकावर, नंतर दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा तू. अन् हा बी तूच." मोबाइल परत दिला आणि विचारलं, "मोठा जाऊन किती दिस झाले रे, लहान्या?"

सरांनी तिला खरं सांगितलं. त्या दिवशी मायलेक पहिल्यांदा एकत्र रडले.

"म्हटलं होतं ना जी," सर डब्याच्या झाकणाकडे पाहत म्हणाले. "माय ओळखते." व्हिडिओ जोडताना या माणसाचं हे म्हणणं खोटं ठरावं, असं मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मनापासून वाटलं होतं.

दिवाळीनंतर त्यांनी तिरोड्याला बदली मागून घेतली. आई रोज पुन्हा विसरते, पण आता ते पांढऱ्या शर्टातच जातात, आणि ती ज्या दिवशी विचारते त्या दिवशी तिच्याजवळ बसून सांगतात, असं वहिनींकडून कळलं. इकडे आमच्या स्टाफरूममध्ये परवा एका नव्या सिनेमावर गप्पा झाल्या. शेवटपर्यंत कोणी कोणाला थांबवलं नाही. फार कंटाळा आला.

तो व्हिडिओ माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. शेवटी उजवीकडचे सर "येतो ना रे" म्हणतात, त्यांचा तळहात सवयीने वर जातो आणि तसाच पुढे होऊन शेजारच्या खांद्याकडे वळतो. चित्रीकरणाच्या वेळी तिथे कोणी नव्हतं. दोन अर्धे जोडले तेव्हा तो हात बरोबर मधल्या रेषेवर मनगटापाशी कापला गेला आहे, भावाच्या खांद्यापर्यंत पोचत नाही. एवढी उघड चूक, पण सरांनी ती काढली नाही आणि मीही दुरुस्त केली नाही.