हळदीच्या गाण्यातली नावं

मंडळी, दुपारपासून मन खातंय, म्हणून लिहितेय.

अमेरिकेत स्थायिक झालेली एक रशियन गायिका शास्त्रीय संगीत, लोकगीतं आणि स्वतःची गाणी एकत्र गुंफते. वाटलं, आपणही करून बघू.

कोरीट गावच्या काकूकडून शिकलेलं हळदीचं गाणं मी रागात बसवलं, कडवी नवी लिहिली आणि आज तिच्याच मुलीच्या हळदीत माइकवर गायले. टाळ्या पडल्या.

पण आमच्याकडे या गाण्यात जमलेल्या बायकांची नावं गुंफतात. प्रत्येकजणी आपल्या नावाची वाट बघत बसते. माझ्या कडव्यांत त्यांना जागाच नव्हती.

काकू हळूच म्हणाली, "गानं गोड शे बेटा. पन आमना नावे कोठे गयात?"

माइकवरून आज एकच नाव ऐकू आलं होतं. 'गीत-संगीत' म्हणून मीच सांगितलेलं, माझं.