पंख्याची चूक

आमच्या परभणीच्या वाचनालयाचे सचिव अण्णा कॅरममध्ये कधीच चुकले नाहीत. चुकायचा तो छताचा पंखा. सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी अडली, की अण्णा बोर्डाकडे न बघता वर बघत. चोर ओळखावा तसं बोट दाखवून म्हणत, "पंखा!" आणि स्ट्रायकर ओढून घेऊन तोच फटका परत मारत.

इतरांना ही सवलत नव्हती. एकदा मी चुकलो आणि वर पाहिलं, तर म्हणाले, "तुमच्या बाजूला वारा येतच न्हाई." पुढच्या डावाला मी त्यांच्या खुर्चीवर बसलो आणि ते माझ्या. वाराही त्यांच्यासोबत उठून गेला. मी बँकेतला माणूस, तोंडी कारणावर माझा विश्वास नाही. काही दिवस नीट लक्ष ठेवून मी त्यांना सांगितलं, की तुमच्या दहा चुकांतल्या नऊ पंख्याच्या असतात.

"मग दहावी कुनाची?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

पंखा बंद करून खेळू, असंही मी सुचवलं होतं. तेव्हा मे महिना होता, त्यामुळे सगळ्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. लाइट गेली तर पंखा आपोआप थांबे, पण खेळ संध्याकाळी चालायचा. अंधार झाला म्हणून अण्णा डाव मोडायचे.

संस्था नावाला वाचनालय होती. पुस्तकांची कपाटं भिंतीकडे सरकवून मध्ये कॅरम मांडला होता. एक कपाट ढालींनी भरलेलं होतं. त्या सगळ्या अण्णांनी स्वतः भरवलेल्या स्पर्धांत स्वतः पंच राहून स्वतः जिंकलेल्या. कुणी पुस्तक मागितलं, तर म्हणायचे, "पुस्तक कुठं पळून चाललंय? उद्या बी तिथंच हाय. ही सोंगटी मात्र आत्ताच घ्यावी लागती." तेही खरंच होतं म्हणा. आमची पुस्तकं कित्येक वर्षं जागची हलली नव्हती.

आमच्या सौभाग्यवतींनी हे सगळं वार्षिक सभेत काढलं. वाचनालय सकाळ-संध्याकाळ उघडं असतं, ते दुपारी बायकांसाठी उघडा. पुस्तकं नेऊ, चार घटका बसू, खेळू. गल्लीतल्या बऱ्याच जणींना घराबाहेर बसायला दुसरी जागा नव्हती. देवळात बसलं तर सासवा आधीच बसलेल्या.

अण्णा हसले. "वहिनी, आज बाया येतील, उद्या पापड वाळत घालतील. हॉलची चावी माझ्याकडं हाय अन् माझ्याकडंच ऱ्हाईल. एका डावात मला हरवा, मग दुपार तुमची."

सभेत हशा पिकला. मी हसलो नाही, कारण तिचं माहेर पेडगावचं आणि ती तिघा भावांसोबत कॅरम खेळत वाढलेली, हे मला ठाऊक होतं. ती फक्त म्हणाली, "दुपारीच खेळू, अण्णा. आमची येळ तीच हाय."

डाव दुपारी ठरला. बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. शेवटी दोघांची एकेक सोंगटी उरली आणि पाळी अण्णांची आली. त्यांची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशीच होती, नुसती फुंकली तरी गेली असती. त्यांनी नेम धरला आणि लाइट गेली. पण बाहेर लख्ख ऊन. डाव मोडायला कारण उरलं नाही.

अण्णांनी फटका मारला. सोंगटी कडेला लागून परत आली.

सवयीने त्यांनी वर पाहिलं, बोटही उचललं. पंखा हळूहळू फिरत होता, त्यांच्या डोळ्यांदेखत तो थांबला. बोट तसंच वर राहिलं. कुणी हसलं नाही.

"घ्या अण्णा, परत मारा," सौ. म्हणाली. "मघाचा वारा असंल अजून."

दुसरा माणूस नको म्हणाला असता. अण्णांनी परत मारला आणि या वेळी स्ट्रायकरच पॉकेटात गेला. तिने आपली सोंगटी शांतपणे घेतली आणि डाव संपवला.

अण्णांनी खिशातून चावी काढून बोर्डावर ठेवली. "पंखा चालू असता तर गेली असती," ते म्हणाले. "मला वाऱ्याची सवय हाय."

त्यानंतर पुस्तकं हलली. पापड कधी आले नाहीत. अण्णा मात्र रोज दुपारी यायला लागले. बायकांच्या खेळाला पंच हवा, असं त्यांचं म्हणणं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. चार दिवसांत त्यांनी पंख्याचा नियम सगळ्या बायकांनाही लागू करून टाकला. त्यामुळे एकेक डाव इतका लांबायचा, की संध्याकाळचे पुरुष दारात ताटकळत उभे राहायचे आणि आत अण्णा ओरडायचे, "थांबा की जरा! वारा मारायलाय, दिसत न्हाई का?"

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. शोकसभा हॉलमध्येच झाली. फोटो कॅरमच्या बोर्डावर ठेवला, कारण दुसरं टेबल कधी घेतलंच नव्हतं. सौ.ने दिवा लावला, तो विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चूक खरोखर पंख्याची होती.

"बंद करू का?" मी बटणाकडे हात नेत विचारलं.

तिने तिसरी काडी ओढली आणि ओंजळीचा आडोसा धरला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यांना सवय हाय."