गिटार करणाऱ्या शालिकरामची झोप

सावली गावाच्या पल्याड वैनगंगेच्या काठावरच्या त्या गावात शालिकरामची ओळख विचारली की पानठेल्यावरचा लटारू आधी पोटभर हसून घ्यायचा आणि मग सांगायचा, "तो गिटार करते अन् झोपते." यात मासेमारी राहून जायची. पण मासे तर अख्खा ढिवरमोहल्लाच धरत होता, त्यात कोणाला सांगायचं काय?

खरं तर लटारूचंही चूक नव्हतं. मासे हा शालिकरामचा धंदा, नाव सांधणं हे वडिलांकडून आलेलं कसब, आणि गिटार हे निव्वळ खूळ. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास वडशाची एक नाटक कंपनी गावात आली होती. गाडीतून सामान उतरवताना गिटारीची मान मोडली. नाव सांधतो तो हेही सांधेल, म्हणून कोणीतरी ती शालिकरामच्या पडवीत नेऊन टाकली. त्यानं सांधली. पण सांधण्याआधी तिच्या पोटातलं सगळं उघडून पाहिलं, आणि तिथून पुढं त्याच्या दुपारच्या झोपेला कायमची रजा मिळाली. शिवणीच्या लाकडाचं अंग, सागाची मान, फुटक्या भोंग्यातलं चुंबक, आणि मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्याकडून आणलेली केसाएवढी तांब्याची तार. ही तार चुंबकाभोवती गुंडाळून एक डबी होते. ती तारांखाली बसवायची, म्हणजे त्यांचा आवाज पकडून तो मोठा करणाऱ्या मशीनकडे पाठवते.

पहिल्या गिटारीला त्यानं चक्क गळाची नायलॉनची दोरी चढवली. पोलादी तार गंजते, ही पाण्यात राहूनही सडत नाही, हा ढिवराचा हिशेब. चुंबकाला नायलॉनशी काय देणंघेणं! मशीन जोडलं, गाव जमलं, आणि गिटार तोंड मिटून बसली. लटारूनं तिचं नाव 'मुकी नवरी' पाडलं. पोरीबाळी शालिकरामला "नवरी बोलली का, भाऊ?" असं वर्षभर विचारत होत्या.

पुढं मात्र त्याच्या हाताला वळण आलं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांत त्याच्या गिटारी फिरू लागल्या. आणि खरी गंमत इथंच होती. शालिकरामनं आपली एकही गिटार नाटकात वाजताना ऐकली नव्हती. पहाटे अंधारात जाळं घेऊन निघणारा माणूस. नाटकाची घंटा व्हायच्या वेळी त्याची मान छातीवर आलेली असायची. तो हौसेनं पहिल्या रांगेत जाऊन बसायचा आणि नांदी संपायच्या आत घोरायला लागायचा. एकदा तर मंडपवाल्यानं सामान समजून त्याच्यावर ताडपत्री टाकली, असं लटारू छातीठोकपणे सांगायचा. पडवीत टिंग-टिंग करून पाहिलेला आवाज तेवढा त्याच्या वाट्याला. पण गिटारवाला देवानंद म्हणायचा, "शालिकभाऊ, आर्गन-तबल्यासंगं भरल्या मंडपात ते रडते, ते आयकाले पाह्यजे तुमी."

ते एकदा ऐकायचं, एवढंच शालिकरामला उरलं होतं. खांदे गेले होते, डोळ्याला बारीक तार दिसेनाशी झाली होती. दोन हजार एकच्या दसऱ्याला देवानंदची नवी गिटार त्याच्या हाती देताना त्यानं बायकोला, प्रेमिलाला सांगून टाकलं होतं की ही शेवटची. आणि त्याच देवानंदची कंपनी यंदाच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, गावातच येणार होती. बेत ठरला. दुपारी झोप काढायची, रात्री जागायचं, आणि डुलकी आलीच तर प्रेमिलानं चिमटा काढायचा.

मंडईचा दिवस म्हणजे घरोघर पाहुणे, आणि पाहुण्यांच्या ताटात मासळी हवीच. त्या दिवशी ढिवराइतका कोणी राबत नाही. शालिकराम कार्तिकाच्या थंडीत पहाटेपासून गावच्या तलावात छातीभर पाण्यात जाळं ओढत होता. दुपारी घरी आला, दोन घास खाल्ले, खाटेवर पडला. पाठ टेकते न टेकते तोच देवानंद दारात.

"शालिकभाऊ, गिटार बोलून नाई राह्यली."

शालिकरामनं डबी उघडली आणि कपाळावर हात मारला. गुंडाळलेली तार हलू नये म्हणून ती मेणात बुडवायची असते. यानं विचार केला, मेणापेक्षा राळ पक्की. नावेच्या फटी बुजवायला तीच तर लागते, पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही. थंडी पडली, राळ आखडली, आणि आतली तार तटकन तुटली. नाव मात्र उत्तम झाली असती. देवानंदनं हसू दाबलं.

तो भला माणूस. म्हणाला, कॅसिओवाला गिटारीचा आवाज काढतो, आजचा दिवस चालवून घेऊ, तुम्ही झोपा. शालिकराम खाटेकडे पाहत राहिला. झोपलं तर रात्री जागता येईल, पण ऐकायचा कॅसिओ. तार गुंडाळावी तर गिटार वाजेल, पण ऐकणारा राहणार नाही.

"बस तिथी," तो देवानंदला म्हणाला, आणि तार गुंडाळायची फिरकी हातात धरली.

पाण्यानं फुगलेली, भेगाळलेली बोटं. तार त्या भेगांत अडकायची. जोर केला तर तुटते, ढील दिली तर सैल पडते; जाळं विणलेल्या हाताला तेवढं कळत होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तो बाहीनं टिपत होता. प्रेमिलानं मधे एकदा येऊन खाट उभी करून ठेवली. दिसायलाच नको, म्हणून. ऊन उतरलं तेव्हा मोहळाच्या मेणात बुडवलेली डबी गिटारीत बसली आणि देवानंद पळाला.

रात्री दोघं पहिल्या रांगेत. देवानंदनं सूर जुळवताना एक तार छेडली, तेवढी शालिकरामनं ऐकली. त्यानंतर डोळे उघडले तेव्हा मंडपवाले कनात गुंडाळत होते आणि तलावावर ऊन आलं होतं.

खांद्यावर जाळं टाकून तो तलावाकडे निघाला. पाहुणे अजून होतेच. प्रेमिला टोपली घेऊन मागून आली. त्यानं मागं न पाहताच विचारलं.

"काऊन नाई उठवलं?"

"उठवणारच होती. गाणं लागलं तवा चिमट्याले हात नेला होता."

"मंग?"

"तुमी असे झोपलेले मी कवाच पाह्यले नाई. लेकरावानी. मंग म्हटलं, मीच आयकतो."

शालिकराम चालत राहिला. पाणंद संपायला आली तेव्हा त्यानं विचारलं, "कसं वाजलं?"

"बाया रडल्या."

"अन् तू?"

"मी कायले रडू? तुमचं डोकं माह्या खांद्यावर होतं. आता बी खांदा दुखून राह्यला."

"म्हणून दाखव ना, कसं होतं ते."

प्रेमिलानं इकडेतिकडे पाहिलं, कोणी नाही असं पाहून टोपली कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली, आणि नाकातून, बेसूर, आठवेल तसं गुणगुणली.

"गिटार अशी नाई वाजत," शालिकराम म्हणाला.

"मंग झोपाले नव्हतं पाह्यजे."

तो पाण्यात उतरला. गार पाणी कमरेला लागलं तसा थांबला आणि मागं वळून म्हणाला, "अजून एक डाव म्हण."