रॉकेटचे अठ्ठावीस दिवस

ॲडलेडपासून लांब, समुद्रकाठच्या आमच्या पोर्ट ट्रेगनमध्ये लाल केसांच्या माणसाला 'निळ्या' म्हणतात आणि टकल्याला 'झिपऱ्या'. त्यामुळे माझ्या नवऱ्याला अख्खं गाव 'रॉकेट' म्हणायचं यात नवल काहीच नाही. डेन्झिल ट्रेम्बाथइतका हळू गाडी चालवणारा माणूस या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. त्याच्यामागे अडकलेले लोक घरी फोन करून सांगायचे, "रॉकेटच्या मागे आहे, तुम्ही जेवून घ्या." मी शेजारी बसून विणकाम करायची. शेजारच्या वालरू गावाला पोचेपर्यंत स्वेटरची एक बाही तरी सहज उतरायची.

आणि धंदा काय, तर टोइंगचा. पोलिसांनी जप्त केलेल्या गाड्या उचलून आणायच्या आणि आमच्या घरामागच्या यार्डात तारेच्या कुंपणाआड ठेवायच्या. मर्यादेच्या फारच वर वेग गेला की गाडी तिथल्या तिथे जप्त, अठ्ठावीस दिवस. गाडी बापाची असो, बायकोची असो, कायद्याला त्याचं काही नाही. हा कायदा आला तेव्हा गावात केवढी बोंबाबोंब झाली. आमच्या तरुणपणी असलं काही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी हुतात्मा स्मारकाला गाड्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या, पोरी बेकरीच्या ओट्यावर बसून बघायच्या. फारच झालं तर सार्जंट येऊन गाडीची किल्ली काढून घ्यायचा आणि ती आईच्या हातात नेऊन द्यायचा. पुढचं आई बघायची.

डेन्झिलही त्या फेऱ्या मारायचा, नवीकोरी, दुधी रंगाची होल्डन घेऊन. एकोणसत्तर साल. बाकीची पोरं टायर जाळायची आणि हा पठ्ठ्या मिरवणुकीत असल्यासारखा सावकाश. बेकरीसमोर आला की आणखी हळू. मी मैत्रिणींना म्हटलं, याच्या गाडीत काहीतरी बिघाड आहे. चौथ्या फेरीला त्याने काच खाली केली आणि विचारलं, "ग्लेन, चालत येतेस की गाडीतून? वेळ सारखाच लागेल." मी हसले आणि तिथेच फसले. त्याच गाडीतून चर्चला गेले, त्याच गाडीतून दोन्ही लेकी दवाखान्यातून घरी आणल्या. पुढे लेकी शहरात गेल्या, बेकरी बंद पडली, होल्डन तेवढी राहिली. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो, खोटं कशाला बोलू.

जप्तीच्या कामातही डेन्झिलची एक रीत होती. पोराची गाडी उचलली की तो त्या पोराला ट्रकमध्ये शेजारी बसवून घरी सोडायचा. मुख्य रस्त्याने, बैलगाडीच्या चालीने, मागे त्याची लाडकी गाडी लोंबकळत. सगळं गाव बघायचं. दंडापेक्षा पोरांना त्याचीच धास्ती जास्त. बोलायचा मात्र चकार शब्द नाही, डब्यातली खिमा भरलेली पास्टी अर्धी मोडून पोराच्या हातावर ठेवायचा. नियमाप्रमाणे जप्त गाडीत कुणी पाऊल ठेवायचं नाही. म्हणून त्याने कुंपणाबाहेर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. "बस, बघ तिच्याकडे," म्हणायचा. पोरं खरंच येऊन बसायची. एकाने तर गाडीला वाढदिवसाचं गाणं म्हटलं.

दोन वर्षांपूर्वी त्याचे डोळे बिघडले. मधोमध डाग यायला लागला. ॲडलेडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, फार तर हा महिना. महिनाअखेरीला पुन्हा तपासणी, आणि मि. ट्रेम्बाथ, त्यात तुम्ही पास होणार नाही." आम्ही घरी आलो. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्याने रविवार मोजले. चार. मला म्हणाला, "चार रविवार होल्डन काढायची. धक्क्यावर, खाणीच्या रस्त्याने, तुझ्या आईच्या शेतावर, आणि शेवटचा रविवार तू सांगशील तिकडे." पंचेचाळीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

आणि त्यावर मी बोळा फिरवला.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी चर्चच्या विक्रीसाठी मला चाळीस पास्ट्या पलीकडच्या गावात न्यायच्या होत्या. माझी छोटी गाडी चालू होईना. डेन्झिल ट्रक घेऊन बाहेर गेलेला. होल्डनची किल्ली खुंटीवर. मी ती कधी चालवली नव्हती, पण त्यात काय मोठं, गाडी ती गाडी. उशीर झाला होता, रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना गहू. मर्यादा शंभरची. मी कायद्याला घाबरणारी बाई, काटा शंभराच्या जरा खालीच ठेवला. गाडी थरथरत होती, वाऱ्याने कान फुटायची वेळ आली. मला वाटलं, म्हातारी झाली बिचारी, धापा टाकतेय.

कॉन्स्टेबल रेनशॉ नावाची नवी पोरगी आमच्याकडे बदलून आली होती. तिने दिवा लावून मला थांबवलं.

"किती वेगात होतात, मॅडम?"

"सत्त्याण्णव. तुम्हीच बघा काट्यावर."

तिने वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "हा काटा मैलांचा आहे. तुम्ही एकशे छप्पन्नला होतात."

आता बोला. एकोणसत्तरची गाडी, तेव्हा देशात मैल होते, हे मला माहीत नव्हतं का? शाळेत मैलच घोकले होते मी. पण त्या गाडीत मी जन्मभर डाव्या बाजूला बसले, काट्याकडे बघायची वेळ कधी आली? मी गयावया केली. ती म्हणाली, "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मशिनने आकडा धरलाय. गाडी जप्त करावी लागेल."

अठ्ठावीस दिवस. मनातल्या मनात मी रविवार मोजले. चारही गेले होते. चाळीस पास्ट्या गेल्या खड्ड्यात.

ट्रक बोलवायचा तर गावात एकच. लांबून तो येताना दिसला तसा मला कधी एकदा त्याला सांगते असं झालं. मी रस्त्याच्या मध्ये उतरून पास्ट्यांवर झाकलेला टॉवेल हलवत राहिले. रेनशॉने माझं कोपर धरून मला असं मागे हिसडलं की ब्लाउजची शिवण उसवली. मी तिला म्हटलं, "हात लावायचं काम नाही, पोरी." ट्रक माझ्या समोरून निघून गेला. तिचा निळा दिवा चमकत होता, मी हात हलवत होते, आणि हा सरळ पुढे. पार वळणापर्यंत गेला, मग परत आला. मला वाटलं, रागावलाय. चुकवून गेला मुद्दाम. मला ते रास्तही वाटलं.

उतरल्यावर त्याने होल्डनच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि साखळी लावली. मला शेजारी बसवलं. मुख्य रस्त्याने नेलं. लाल केसांचा आमचा निळ्या पोस्टाच्या दारात उभा राहून ओरडला, "रॉकेट, खरी रॉकेट तर तुझी बायको निघाली रे." डेन्झिल हसला नाही. डब्यातली अर्धी पास्टी माझ्या हातावर ठेवली. मी ती रडत रडत खाल्ली.

त्या दिवसापासून त्याने कुठल्याच स्टिअरिंगला हात लावला नाही. ट्रकवर कडीना गावाहून एक माणूस आणून ठेवला. मी विचारलं तर म्हणे, पाठ धरलीय. मला कळत नव्हतं का, रुसलाय म्हणून? मी त्याच्या आवडीचं सगळं करून घातलं. रोज संध्याकाळी आम्ही दोघं कुंपणाबाहेरच्या त्या खुर्च्यांवर चहा घेऊन बसायचो, पलीकडे होल्डन धूळ खात उभी. "चुकलं रे माझं," मी रोज म्हणायची. तो म्हणायचा, "हं." मग आम्ही जुन्या गोष्टी काढायचो, बेकरीच्या ओट्याच्या, लेकींनी मागच्या सीटवर सांडलेल्या दुधाच्या. चारही रविवार तसेच बसून गेले. वाईट गेले असं म्हणवत नाही मला.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी सुटकेचा कागद आणायला चौकीवर गेले. सार्जंट म्हणाला, "डेन्झिल कसा आहे? फार जिवावर आलं हो त्याचं लायसन्स घेताना."

"कसलं लायसन्स? तपासणी तर सोमवारी आहे."

"त्याने महिन्याभरापूर्वीच आणून दिलं की. तुमची गाडी जप्त झाली त्याच दुपारी. काउंटरवर ठेवून म्हणाला, मोकळ्या रस्त्यावर भर दुपारी मला माझी बायको दिसली नाही."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. तो खुर्चीवर बसला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "महिनाभर मला माफी मागायला लावलीस? नालायका, सांगता येत नव्हतं?"

"जन्मात पहिल्यांदा मागत होतीस, ग्लेन. म्हटलं, घ्यावी ऐकून."

मला हसू आलं आणि रडूही. त्याने चाचपडत माझा हात धरला. मग म्हणाला, "एक सांग. रोज विचारीन म्हणतो, धीर होत नाही. तू तेव्हा कडेला होतीस ना? गवतात?"

माझ्या कोपरावरचे रेनशॉच्या बोटांचे वळ पंधरा दिवस गेले नव्हते.

"गवतात होते रे," मी म्हटलं. "चांगली आत, गवतात."