नीट केलेला बगळा

"लिहायची घाई नको. आधी त्याला तुमच्याकडे बघू दे." 'त्याला' म्हणजे बेडकाला, खेकड्याला, जे समोर असेल त्याला. असं म्हणून मुलांचे मामा शेताच्या बांधावर उकिडवे बसायचे, आणि उठताना दोन मुलांनी हात धरून ओढावं लागायचं. तुम्ही तिथे असता तर हसला असता.

जन्मभर ते नाचियारकोविलच्या बसवर कंडक्टर. निवृत्त झाल्यावर आमच्या कुंभकोणमच्या मराठी घरांतली पाच-सहा मुलं त्यांनी मराठी लिहायला गोळा केली. ही मुलं शाळेत तमिळ लिहितात, इंग्रजी लिहितात. मराठी नुसती घरात, तोंडापुरती. दर रविवारी सकाळी "पोलाम्, राईट!" अशी 'चला, निघू' म्हणणारी त्यांची बसमधली हाळी आली, की निघाली सगळी भाताच्या शेतांकडे, वह्या काखेत मारून.

माझी नात आठ वर्षांची, विचारलं तरी न बोलणारी. तिने तिथे पहिल्यांदा लिहिलं: "बगळा चालतो तर पाणी हालत नाही. आम्ही निजलों म्हणून आजी पहाटे तसेंच चालते. मासळीला कळत नाही. मला कळतें."

आता माझी करणी ऐका. मी शाळा न पाहिलेली बाई, पुण्याहून आलेली पुस्तकं वाचून वाचून शिकले. तिकडचे नातेवाईक आमच्या जुनाट बोलण्याला हसतात. म्हटलं, पोरीलाही हसतील. म्हणून तिचं खोडून मी नीट केलं. "बगळा हा पांढराशुभ्र, डौलदार पक्षी आहे." तिच्याकडून सुवाच्य लिहवून घेतलं, फोनवरून पाठवलं. तिकडून टाळ्यांवर टाळ्या!

पुढच्या रविवारी त्यांनी वही उघडली.

"अक्का, हा कोणाचा बगळा?"

"थोडं शुद्ध केलं, एवढंच."

"बरं. हा उभा कोठे आहे?"

मी पान पुन्हा वाचलं. त्यात पाणीच नव्हतं.

तेव्हापासून पोर तसंच लिहू लागली. खंड्या हा निळा पक्षी आहे. बेडूक हा उपयुक्त प्राणी आहे. त्यांनी तिला चिखलात हात घालायला लावले, डोळे मिटून ऐकायला लावलं. काही नाही. मी म्हटलं, "तुझं आधीचंच छान होतं गं." तर म्हणते, "मग तू खोडलंस का?"

गेल्या महिन्यात त्यांचे गुडघे अगदीच गेले, आणि मुलगा त्यांना होसूरला घेऊन गेला. निघायच्या सकाळी नातीने त्यांच्या हातात कागद दिला. "आमचे मामा हे एक आदर्श शिक्षक आहेत." पुढेही तसंच, पानभर. त्यांनी तो दोनदा वाचला, वरून खाली, काही सापडतंय का बघत. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"एक चूक नाही गं."

पोर केवढी खूश झाली.