मुक्ता का आली नाही

चूक माझी होती. मुक्ताची नव्हे. बाहेर कुणाला हे मी कधीच सांगितलेलं नाही, आणि घरात सांगायलाही सहा वर्षं लावली. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण तुम्ही आमच्यापैकी कुणाला ओळखत नाही.

मी सदाशिव पेठेत कर सल्लागार आहे. एकटा माणूस. थोरल्या भावाचं घर हेच माझं घर, रविवारचं जेवण तिथेच. त्या घरात माझ्या शब्दाला मान होता. दादा पाहुण्यांना सांगायचा, "कराचं काहीही असो, याला विचारा. फुकट आहे तोवर."

मुक्ता त्याची एकुलती एक मुलगी. अमेरिकेत शिकायला गेली, आणि एका ऑक्टोबरात तिचा विद्यार्थी व्हिसा बदलून नोकरीचा झाला. त्या वर्षाचं तिथलं कराचं विवरणपत्र भरताना तिने मला फोन केला, "काका, मी रहिवासी की अनिवासी?"

मला माहीत नव्हतं. तसं म्हणायला काय लागतं? पण मी म्हणालो, "वर्षभर तिथेच होतीस ना? मग रहिवासी. दिवस मोजायचे, संपलं." आपल्याकडे दिवस मोजतात, तर तिकडेही तसंच असणार — एवढाच माझा अभ्यास. विद्यार्थी म्हणून काढलेले दिवस तिथे त्या मोजणीत धरतच नाहीत, हे मी उघडून पाहिलंही नाही. त्या वर्षी ती अनिवासीच होती.

पुढच्या वर्षी दादाचं यकृत गेलं. त्याच सुमारास व्हिसाचे कागद बघताना तिच्या वकिलाला ही चूक सापडली. दुरुस्ती होईपर्यंत देश सोडू नकोस, परत येताना अडकशील, असं त्याने बजावलं. मुक्ता फोनवर रडत होती. माझ्यावर मात्र एका शब्दाने चिडली नाही. "काका, बाबांना तुम्हीच नीट समजावून सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील ते."

स्वारगेटजवळच्या हॉस्पिटलात दादा दाराकडे तोंड करून पडला होता, वहिनी उशाशी. "कधी येतेय?"

आणि मी काय म्हणालो? "तिला रजा मिळत नाहीये, दादा."

तो म्हणाला, "बरोबर आहे. आजारी पडायच्या आधी मीच तिच्या कंपनीला विचारायला हवं होतं."

मी हसलो. हसलो मी — त्याची मान भिंतीकडे वळली तरी.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? एक टोमणा. फार तर दोन. तेवढेही मला नको होते. रात्री मुक्ताने विचारलं, "सांगितलंत ना?" मी म्हणालो, "सांगितलं. समजलं त्याला."

ती पोचली तेव्हा दादा गेला होता, त्याचे दिवसही होऊन गेले होते. वहिनींनी दार उघडलं. "या. चहा घेणार, की बाहेरूनच घेऊन आलात?" पोटच्या मुलीला! मुक्ता काही सांगायला लागली, तर म्हणाल्या, "कारणं पुरेत." मी तिथेच होतो, चपला शोधत.

त्यानंतर मायलेकींचं बोलणं तब्येत आणि हवापाणी यापलीकडे गेलं नाही. मुक्ता मला फोनवर म्हणायची, "आईला काही वाटू दे, काका. बाबांना माहीत होतं, तेवढं पुरे." मी 'हो' म्हणायचो. तिला आधार म्हणून? छे. माझी सोय म्हणून. रविवारी जाणंही हळूहळू सोडलं.

या जानेवारीत मुक्ता आली तेव्हा दोघींना स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. वहिनींनी उठून गॅस बंद केला. मुक्ताने एकच विचारलं, "म्हणजे बाबांना माहीतच नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "तू यायला धडपडत होतीस, हे मी त्याला सांगितलं नाही. चूकही माझी होती आणि रजेचं खोटंही माझं. मुक्ता, मी चुकलो. वहिनी, मी चुकलो."