धाकटीपुढे केलेला हात

आमच्या धाकट्या बहिणीपुढे कुणी हात करायची सोय नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे ती. डॉक्टरांनी न बघता तळहात पुढे करायचा आणि हिने त्यावर हवं ते हत्यार ठेवायचं, यातच तिचा जन्म गेला. घरीही तेच! नवऱ्यानं एकदा लाडात येऊन हात पुढे केला, तर बाईसाहेबांनी त्यात सांडशी ठेवली. तेव्हापासून बिचारा खिशात हात घालूनच स्वयंपाकघरात येतो.

मग त्यांच्याकडे पोटाच्या ऑपरेशनसाठी रोबोट आला. आता डॉक्टर कोपऱ्यात एका खोक्यात डोकं खुपसून बसतात आणि टेबलावर यंत्राचे हात चालतात. त्या हातांना हत्यारं लावायची, बदलायची, हे काम धाकटीकडे. "पण समोर तळहात येत नाही गं, ताई," म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं तिचं.

आणि नेमकी माझ्याच आतड्यात गाठ निघाली. मी हट्टालाच पेटले. डॉक्टर कोपऱ्यात आणि माझ्या पोटात यंत्र? छे! माणसाच्या हातानं काढा, नाहीतर राहू दे.

धाकटी भडकली. "अगं, डॉक्टरांचा हात हलेल तसंच ते हलतं. जखमा छोट्या, लवकर उठशील. गाठ थांबणार आहे का तुझ्यासाठी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि टेबलापाशी मी असेन ना."

तेवढ्यावर मी हो म्हटलं.

पण टेबलावर आडवी झाले आणि प्लास्टिक गुंडाळलेले ते हात बघून जिवाचं पाणी पाणी झालं. धाकटी स्वच्छ हात धुऊन, हातमोजे चढवून, दोन्ही हात छातीशी धरून उभी होती. अशा वेळी तिला कुणाचं बोट जरी लागलं, तरी पुन्हा धुण्यापासून सुरुवात. म्हणून ती सगळ्यांवर खेकसते, हे मला चांगलं ठाऊक. तरी माझा हात आपसूक पुढे गेला, तळवा वर.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि आपला हात माझ्या हातात दिला. घट्ट.

"सिस्टर, मोजे!" कुणीतरी ओरडलं.

"पुन्हा धुऊन बदलते की," धाकटी म्हणाली. "ताईला झोप लागू दे आधी."